निमगडे बाईंनी वगळलेलं घर

बाईंना काहीही सांगायला घेतलं की त्या आधी सगळं ऐकून घ्यायच्या. मध्ये बोलायच्या नाहीत. सांगून झालं की म्हणायच्या, "आता हेच अर्धं करून सांग." अर्धं करून सांगितलं की म्हणायच्या, "आता एका वाक्यात." ते एक वाक्य कसंबसं जमलं की चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "मंग? काय काय सोडलं?"

चंद्रपूरच्या एका कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या, आणि हा खेळ त्यांनी वर्षानुवर्षं पोरांशी केला होता. मी काही त्यांचा विद्यार्थी नव्हे. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, त्यांनी भाड्यानं घेतलेल्या जीपचा ड्रायव्हर. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. जीपमध्ये आम्ही दोघंच असायचो, त्यामुळे त्यांचा वर्ग माझ्यावरच भरायचा.

माझं गाव माण तालुक्यात. गावातला एकजण घुग्घुसला डंपरवर होता, त्याच्या मागं मी आलो. कोळशाची काळी धूळ आणि सिमेंटची पांढरी धूळ एकाच रस्त्यावर उडते, आणि संध्याकाळी अंघोळ करताना दोन्ही वेगवेगळ्या निघतात, हे मला तिथं कळलं. ते काम सुटलं. मग चंद्रपुरात एका जीपवाल्याकडं लागलो. त्यानंच मला बाईंच्या दारात पाठवलं. म्हणाला, म्हातारी कमी बोलते, तुला बरं पडेल. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. बाई म्हाताऱ्या नव्हत्या आणि कमी बोलणाऱ्या तर नव्हत्याच. फक्त त्यांच्याशी बोलायला घरात कोणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्या मागं न बसता पुढं माझ्या शेजारी बसल्या. "कुठला रे तू?"

मी सांगायला सुरुवात केली. गाव, तालुका, पाऊस पडत नाही, मेंढरं, थोरल्या भावाचं लग्न, आईचा दमा, शाळा का सोडली, डंपर, मालकाशी झालेलं भांडण. गोंडपिपरी आलं तरी माझं चालूच. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता अर्धं कर."

काय टाकून द्यावं ते कळेना. भावाचं लग्न काढावं तर तो रागावेल असं वाटलं, जणू तो मागच्या सीटवर बसलाय. आष्टीपर्यंत मी गप्पच.

"काऊन रे, इतका काऊन घाबरून राह्यला?" बाई म्हणाल्या. "सोडलं म्हणून ते मरत नाई. ते तिथीच राह्यते. आपण फक्त आत्ता त्याच्याकडे पाहून नाई राह्यलो."

हे वाक्य मला पुढं फार उपयोगी पडलं. पण तेव्हा माझं लक्ष त्यांच्या भाषेकडं जास्त होतं. बाईमाणूस असून त्या "मी जातो, मी येतो, मी सांगतो" म्हणायच्या. आमच्याकडं असं कोणी बोललं तर पोरं हसतील. इकडं सगळ्याच बायका तसं बोलतात. सवय झाल्यावर मला आमच्याकडचं "मी जाते" नाजूक वाटायला लागलं.

बाईंचं काम असं होतं. एटापल्लीच्या पुढं जंगलात काही गावं आहेत. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं कागदावर नाव आलं की बिचकतात. उन्हाळ्यात तिथं तेंदूची पानं खुडतात, विडीसाठी. पहाटे जंगलात जायचं, पानं आणायची, घरी बसून त्यांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मांडायचे. फळी म्हणजे पुडे मोजून घेण्याची आणि वाळवण्याची उघडी जागा. गावोगाव लहान लहान फळ्या होत्या. त्या मोडून मोठ्या सडकेवर एकच फळी करावी का, असा ग्रामसभांपुढं प्रश्न होता. सडकेवर ट्रक थेट येतो आणि व्यापारी भाव जास्त देतो. आत ट्रॅक्टर न्यावा लागतो, आणि वळवाचा पाऊस आला की माल आतच भिजतो. मुंबईच्या एका संस्थेनं हे मांडून द्यायचं काम बाईंना दिलं होतं. त्यांना त्याचं मॉडेल हवं होतं, म्हणजे एका गावासाठी केलेलं दुसऱ्या गावांनाही लावता येईल.

मॉडेल म्हटल्यावर मला शाळेच्या प्रदर्शनातला पुठ्ठ्याचा डोंगर आठवला. मी तसं बोललोही. बाई हसल्या नाहीत.

"तोच. तुह्या पुठ्ठ्याच्या डोंगरावर किती झाडं होती?"

"आगपेटीच्या काड्यांची, थोडी."

"डोंगरावर तेवढीच असतात काय?"

"नाही."

"तरी मास्तरनं डोंगर म्हणून मान्य केला ना? तसंच असते."

घरी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक गाव काढलं होतं. एक गोल म्हणजे जंगल, एक गोल म्हणजे घरं, एक गोल म्हणजे फळी, आणि मध्ये बाण. मी चहा पिता पिता ते बघत होतो. मला राहवलं नाही. "बाई, यात नाला कुठाय? त्या गावाला जाताना नाला लागतो."

"नाल्यानं पुडा बदलते काय?"

"पावसाळ्यात जीप अडकते."

"तेंदू पावसाळ्यात असते काय?"

"नाही."

"मंग तुहा नाला पावसाळ्याच्या मॉडेलात घेऊ." आणि खरोखरच त्यांनी कॅलेंडरच्या कडेला बारीक अक्षरात 'नाला, दत्ताचा' असं लिहून ठेवलं. दत्ता म्हणजे मी. मला ते फार बरं वाटलं. त्या शहरात माझ्या नावाचं दुसरं काही नव्हतं.

किती घ्यायचं आणि किती सोडायचं, याचा त्यांचा एकच नियम होता आणि तो त्या भाजी निवडतानाही सांगायच्या. जे सोडल्यानं निर्णय बदलत नाही ते सोडायचं. जे सोडल्यानं निर्णय बदलतो ते कितीही बारीक असलं तरी ठेवायचं. "सगळंच घेतलं ना, तं ते गावच झालं. गाव तं आधीच हाये. मंग आपण कायले पायजे?"

त्यांचं घरही तसंच होतं, जे लागतं तेवढंच. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, पुस्तकांचं कपाट, दोन खुर्च्या. त्यातल्या एकीवर पिशवी ठेवलेली. त्या एका माणसाचा भात अंदाजानं नाही, वाटीनं मोजून टाकायच्या. मी जेवायला थांबलो की ती वाटी परत शोधावी लागायची. वर्षातून एकदा, चंद्रपूरच्याच दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमाला, मूल, ब्रह्मपुरी या गावांकडचे नातेवाईक यायचे; तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसायची. अंगणात चपलांचा ढीग, चुलत-मावस पोरं, मोठ्या पातेल्यातलं वरण. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर बाई एकट्याच त्या पातेल्यात हात घालून घासत बसलेल्या. म्हणाल्या, "गेले सगळे. पुण्याचा भाचा म्हणे, आत्या, आमच्याकडे ये ना राहायले. मी म्हटलं, येतो." थोडं घासून झाल्यावर म्हणाल्या, "त्यालेही माहीत हाये, मी जात नाई. मलेही माहीत हाये. पण म्हणावं लागते."

मला काळजी करायची वाईट खोड आहे. हँडब्रेक ओढला तरी मी चाकाखाली दगड लावतो. एकदा दोन दिवस आईचा फोन लागेना. आलापल्लीच्या जंगलातून जाताना मी गाडी चालवत होतो, पण डोक्यात आई जिन्यावरून पडलेली होती, दवाखान्यात होती, फोन विहिरीत पडला होता, भावाचं आणि तिचं भांडण झालं होतं, दमा वाढला होता. आमच्या घराला जिना नाही, तरी ती जिन्यावरून पडली होती. बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"काय काय झालं असंल, सगळं सांग."

मी सगळं सांगितलं.

"आता याच्यातलं तू इथून ज्याचं काई करू शकते तेवढंच ठेव."

मी विचार करून म्हणालो, "शेजारच्या किराणावाल्याला फोन करू शकतो."

"मंग कर."

किराणावाला म्हणाला, अरे, तुझी आई आत्ता साखर घेऊन गेली, गावात टॉवर बंद आहे. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. बाई खिडकीतून सागाची झाडं बघत राहिल्या, म्हणजे मला डोळे पुसता यावेत. आज घुग्घुसला कामगारांच्या बसवर ड्युटी करताना मला तसं झालं की मी तेच करतो. सगळं बोलून घेतो, मग एक ठेवतो. हे मला कोणी शिकवलं असं कुणी विचारलं तर मी बाईंचं नाव सांगतो, पण ते पूर्ण सांगायला वेळ लागतो म्हणून अर्धंच सांगतो.

आता मुख्य गोष्ट.

पहिल्या उन्हाळ्यात बाईंनी कॉलेजची दोन पोरं गावात पाठवली होती, घरं आणि पुडे लिहून आणायला. गावात घर कशाला म्हणायचं हा प्रश्न असतो. एका अंगणात तीन भाऊ राहतात, एक झोपतो इथं, जेवतो तिथं. म्हणून बाईंनी पोरांना सोपा नियम दिला: जिथं चूल पेटते ते घर. पोरांनी तसं लिहून आणलं. पावसाळाभर आणि हिवाळाभर बाईंनी त्याचं मॉडेल केलं. घरात हात किती, जंगल किती लांब, फळी किती लांब, यावरून कुठल्या घराचे पुडे किती होतील ते निघायचं. बहुतेक घरांचं जुळलं. काही घरांचे पुडे मात्र हिशोबापेक्षा फार जास्त येत होते. दोन माणसांच्या घरात तेवढे पुडे होऊच शकत नव्हते.

"पोट्ट्यायनं झाडाखाली झोपून लिहिलं," बाई म्हणाल्या आणि ते आकडे बाजूला ठेवले. मॉडेलचं उत्तर स्वच्छ होतं: फळी सडकेवर न्या. घरं तिथं मुक्कामाला येतील, तिथंच पुडे बांधतील, आणि प्रत्येक घराला जास्त मिळेल. मुंबईचे साहेब खूश झाले. तरुण होते, बोलायला फार गोड. म्हणाले, "बाई, इतकं साधं आणि इतकं सुंदर मॉडेल मी पाहिलं नाही." बाई त्या दिवशी मला रसमलाई खायला घेऊन गेल्या.

पण बाजूला ठेवलेले आकडे त्यांना चावत होते. दुसऱ्या उन्हाळ्यात, हंगाम चालू असताना, त्या स्वतः निघाल्या. नुसतं बसून बघायला.

गावातला सैनूभाऊ आमच्या ओळखीचा. ग्रामसभेचं लिहिणं-बोलणं तो बघायचा, मराठी चांगली बोलायचा. न जुळणाऱ्या घरांत त्याचं घर सगळ्यांत वर होतं. तो, त्याची बायको आणि लहान पोरं. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या पडवीत पानांचा हिरवा ढीग पडलेला आणि सगळे पुडे बांधत बसलेले. बायको बांधत होती, तो बांधत होता, आणि भिंतीला टेकून एक खूप म्हातारी बाई बांधत होती. तिचे हात पानांवरून असे फिरत होते की बघणाऱ्याला झोप यावी. पानं जुळवून वाकानं, म्हणजे सालीच्या दोरीनं, आवळायची आणि बाजूला टाकायची, हे सगळं न बघता.

"तुमची आई काय सैनूभाऊ?" बाईंनी विचारलं.

"नाई बाई. ही जानोबाई. पलीकडलं घर तिचं."

"मंग इथी काऊन बसली?"

सैनूभाऊला प्रश्नच कळला नाही. "बसायला आली," तो म्हणाला.

दुपारी त्याच्या बायकोनं सगळ्यांपुढं भात आणि आंबील ठेवलं, तसं जानोबाईपुढंही ठेवलं. संध्याकाळी जानोबाईनं ढिगातले थोडे पुडे वेगळे केले, पदरात घेतले आणि काठी टेकत फळीवर गेली. आम्हीही मागं गेलो. तिनं ते सैनूभाऊच्याच रांगेच्या शेवटी मांडले. मोजणाऱ्यानं सगळी रांग सैनूभाऊच्या नावावर मोजली.

"तिचे वेगळे नाई लिहीत?" बाई म्हणाल्या.

"कायले? तिचा वाटा मी देतो ना."

जानोबाईला जंगलात चालवत नव्हतं. तिला पोरबाळ नव्हतं. अशा आणखी चार-पाच जणी गावात होत्या, कुणी ह्या पडवीत, कुणी त्या पडवीत. तेंदूच्या दिवसांत त्या ज्या घरी बसत त्याच घरी जेवत. स्वतःच्या घरी रात्री झोपायला जात. त्यामुळं त्या दिवसांत त्यांची चूल पेटत नसे. आणि पोरं गेली होती नेमकी त्याच दिवसांत. त्यांनी नियमाप्रमाणं घरात डोकावलं, चूल थंड दिसली, पुढं गेली. पोरं झोपली नव्हती. नियम बाईंचा होता.

परतीच्या वाटेवर आष्टीला चहाला थांबलो तेव्हा बाई म्हणाल्या, "सडकेवर फळी गेली की हे सगळे घरदार घेऊन तिकडे जातील. पडवीत कोण राहील?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

"मंग ती कुठी बसंल?"

पुढचे काही महिने त्यांनी ते मॉडेल परत मांडलं. म्हाताऱ्यांना घेतलं, त्यांचा वाटा घेतला, त्यांचं जेवण घेतलं. मी संध्याकाळी गेलो की टेबलावर कागद आणि त्या कपाळाला हात लावून. त्यांना वाटलं होतं, हे घेतलं की उत्तर बदलेल. उत्तर बदलत नव्हतं. सगळ्या घरांना मिळून जेवढं जास्त मिळणार होतं त्यापुढं चार-पाच म्हाताऱ्यांचं जाणारं दिसतही नव्हतं. त्यांच्याच नियमानं जानोबाई सोडायला हवी होती.

साहेबांशी त्यांचं फोनवर बोलणं झालं ते मी ऐकलं, कारण गाडीत फोन मोठ्या आवाजावर होता.

"बाई, मला वाईट वाटतं," साहेब म्हणाले, "पण इतक्या बारीक पातळीवर गेलो तर आपल्याला कुठल्याच गावाबद्दल काही म्हणता येणार नाही. अशी घरं आउटलायर म्हणतात ना, हिशोबाच्या रांगेबाहेरची, तशी आहेत."

"शब्द बरोबर हाये तुमचा," बाई म्हणाल्या. "मीच शिकवला इतके वर्षं."

"आणि उत्तर तर तेच येतंय, नाही का?"

"तेच येते. म्हणून तं फोन केला."

मग साहेब म्हणाले, "म्हणजे मी काय करू?"

"तुमी काई नका करू. मी ग्रामसभेत दोन्ही सांगीन. मंग तुमाले ठेवायचं ते ठेवा." फोन बंद केल्यावर मला म्हणाल्या, "चांगला पोट्टा हाये. त्याच्या जागी मी असतो तं हेच बोललो असतो."

ग्रामसभा गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात होती. तिथं हात वर करून मोजत नाहीत. सगळे हो म्हणेपर्यंत बसायचं असतं, मग दिवस जावो. बाईंनी कॅलेंडरच्या पाठीवर काढलेली चित्रं भिंतीला लावली आणि फळी सडकेवर नेली तर काय होईल ते सांगितलं. सैनूभाऊ ते त्यांच्या माडिया भाषेत सांगत होता. माणसं माना हलवत होती. सगळं सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता ह्याच्यात जे नाई ते सांगतो. ह्याच्यात जानोबाई नाई. तिच्यासारख्या दुसऱ्या बाया नाई. पोरायनं नाई सोडल्या, मी सोडल्या. आता घेतल्या तरी एकूण उत्तर तेच येते. पण एकूण म्हणजे कोणी माणूस नसते. तुमी त्यायचं काय करता ते पाहून मंग हो म्हणा."

सैनूभाऊ हे सांगताना मध्येच अडकला. त्याच्याच पडवीची गोष्ट होती. मग बराच वेळ माडियात बोलणं झालं. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. बाई मांडीवर हात ठेवून परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या होत्या. एका म्हाताऱ्या माणसानं काहीतरी विचारलं. सैनूभाऊनं सांगितलं, "ते विचारतात, तुमच्या चांद्यात, चंद्रपुरात, अशी बाई एकटी असली तं ती कोनाकडे बसते?"

"दार लावून घेते," बाई म्हणाल्या.

सैनूभाऊनं हे जसंच्या तसं सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. म्हातारा बाईंकडं बघत राहिला.

शेवटी ठरलं ते असं: फळी सडकेवर न्यायची, कारण मागच्या वर्षीचं भिजणं कुणी विसरलं नव्हतं. म्हाताऱ्यांना ट्रॅक्टरवर बसवून बरोबर न्यायचं. तिथंही प्रत्येकीनं, ज्यांच्या पडवीत बसते त्याच घराबरोबर बसायचं, जेवायचं. सगळे हो म्हणाले. बाईसुद्धा नकळत हो म्हणून गेल्या आणि मग ओशाळल्या, कारण त्यांना तिथं हो म्हणायचा अधिकार नव्हता.

संस्थेनं पुढच्या गावांचं काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं. जीपचं भाडं बंद झालं. मी निघताना बाईंनी माझ्यासाठी घुग्घुसला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो तिथं कामगारांच्या बस बघायचा. मी आज पोटाला खातो ते त्या फोनवर. रविवारी कधी मी चंद्रपूरला जायचो. वाटी शोधून भात टाकला जायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात बाईंचा फोन आला. "दत्ता, सुट्टी भेटते काय रे? एटापल्लीकडे जायचं हाये."

मी जुन्या मालकाची जीप घेऊन गेलो. बाईंची पिशवी उचलली तर जड. एका दिवसाला इतकं काय, असं मनात आलं, पण विचारलं नाही. वाटेत त्यांनी सैनूभाऊनं कळवलेलं सांगितलं. बाकीच्या म्हाताऱ्या सडकेवर रमल्या होत्या. जानोबाई एक रात्र राहिली आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता चालत वर गावात निघून गेली. सैनूभाऊनं पुन्हा आणली, ती पुन्हा गेली. ट्रकचे दिवे रात्रभर तोंडावर येतात, झोप लागत नाही, असं तिचं म्हणणं.

सडकेवर फळी मोठी होती. झाडाखाली निळ्या ताडपत्र्या, पोरं, कुत्री, भांडी, आणि लांबच लांब पुड्यांच्या रांगा. गर्दी बघून माणसाला बरं वाटावं अशी. सैनूभाऊ पुढं आला. थकलेला दिसत होता.

"भावाचा पोरगा रोज सकाळी मोटरसायकलवर थोडी पानं वर टाकून येते, बाई," तो म्हणाला. "संध्याकाळी बांधलेलं घेऊन येते. पण पान त्याच दिवशी बांधावं लागते. तिच्या एकटीच्यानं होत नाई. अर्धी सुकून जातात. आणि इथून माणूस सोडला तं इकडलं राह्यते."

"माहीत हाये," बाई म्हणाल्या. "एक माणूस कमी पडून राह्यला ना?"

"हो."

"मंग पोराले सांग, उद्यापासून पानं दुप्पट टाक."

सैनूभाऊ त्यांच्याकडं, मग माझ्याकडं बघायला लागला. मी पिशवीकडं बघितलं. मला आत्ता कळलं होतं.

गावात चढून गेलो. सगळी दारं बंद, आडणे लावलेले. कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. भर दुपारी गाव इतकं गप्प की आमच्या गाडीचा आवाज बंद झाल्यावर मला भीती वाटली. मी बाईंना म्हणालो, इथं फोन लागत नाही. म्हणालो, तुमची बीपीची गोळी. म्हणालो, रात्री अस्वल येतं. म्हणालो, तुम्हाला माडिया येत नाही आणि तिला मराठी येत नाही, दिवसभर बोलणार काय.

बाई म्हणाल्या, "चंद्रपुरात मी कोनाशी बोलून राह्यलो?"

मी जीपमधून पिशवी उतरवून हातात घेतली.

"न्यायला कधी येऊ?"

"नको येऊ. सैनूभाऊ एटापल्लीले सोडंल, मंग एसटी हाये. तुही ड्युटी जाईल." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "चंद्रपूरले पोचलो की फोन करतो."

केलाही. हंगाम संपल्यावर एका दुपारी फोन आला, "आलो रे," एवढंच, आणि मागं कुकरची शिट्टी. मग पावसाळ्यात मला सुट्टी मिळाली नाही. दिवाळीनंतर त्यांच्या शेजारच्यांनी कळवलं की बाई झोपेतच गेल्या. मी पोचलो तेव्हा अंत्यसंस्कार उरकले होते आणि पुण्याचा भाचा घरातल्या पुस्तकांना दोरी बांधत होता. त्यामुळं मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्या गावातच.

जानोबाई तिच्या पडवीत बसली होती. पुढं सकाळची पानं, त्यातली बरीच कडेनं वळायला लागलेली. आम्ही आलो म्हणून तिचे हात थांबले नाहीत. तिनं एकदा बाईंकडं बघितलं, एकदा पिशवीकडं. बाई चप्पल काढून वर चढल्या आणि उभ्याच राहिल्या. आयुष्यभर वर्गात शिरताना मुलं उठून उभी राहिलेली त्यांनी पाहिली होती; इथं कुठं बसावं ते त्यांना कळत नव्हतं. मला वाटलं, आता त्या परत खाली उतरतील, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

जानोबाई हातातला पुडा आवळून झाल्यावर चटईवर जराशी सरकली. मग पानांचा ढीग ओढून मध्ये घेतला, दोघींचे हात पोचतील असा. बाई बसल्या. वाक कुठला, दोरा कुठला, शोधायला लागल्या. मी जीप वळवून घेतली तरी त्यांनी मान वर केली नाही. पानं सुकत होती.